जुन्या मोटारसायकलचा करंट तपासायचा कसा, तोही स्वतःला न लागता?

अडला हरी
नमस्कार मंडळी. वडिलांची मोटारसायकल बरीच वर्षं झाकून ठेवलेली होती, ती बाहेर काढली आहे. एक सिलिंडर, फोर स्ट्रोक, पॉइंटवाली (म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क असलेली), १२ व्होल्टची बॅटरी. थंड असताना दुसऱ्या किकला सुरू होते. १५-२० मिनिटं चालवली की आधी अडखळते, मग मरते. अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात परत चालू.

काल प्लग काढला, जाड वायरीच्या टोकाच्या टोपीत बसवला, हेडवर टेकवून किक मारली. ठिणगी पडली की नाही ते कळायच्या आत प्लगच्या भोकातून भप्पकन जाळ आला. मनगटावरचे केस गेले, भुवई वाचली. दचकून हात मागे घेतला तर प्लग हेडवरून सुटला आणि करंटही बसला. कोपर हँडलवर आपटलं ते वेगळंच.

तर प्रश्न दोन. ठिणगी तपासायची शहाण्यासारखी पद्धत काय? आणि या दुखण्यात आधी काय तपासायचं? दोन जाणकारांनी डोळे झाकून "कॉइल गेली, बदलून टाक" असं सांगितलंय. (कॉइल म्हणजे बॅटरीचे व्होल्ट ठिणगीपुरते वाढवणारा भाग.)

नुसतीच घाई
करंट येतोय हे तर सिद्ध झालं. पुढचा प्रश्न विचारा.

तेलकट हात
हसण्यावारी नेऊ नका, हे पुष्कळ जणांचं होतं. किक मारली की पिस्टन वर येताना पेट्रोलची वाफ मिसळलेली हवा प्लगच्या भोकातून बाहेर फेकली जाते. बऱ्याच गाड्यांत हेडवर प्लग टेकवायची सोयीची जागा नेमकी त्या भोकाशेजारीच असते. म्हणजे शेगडीचा गॅस सोडायचा आणि काडी शेजारीच ओढायची.

मी करतो ते सांगतो. पेट्रोल कॉक बंद. गाडी न्यूट्रलला, मेन स्टँडवर. गाडीतला प्लग काढला की त्याच मापाचा एक जुना प्लग त्या भोकात हाताने चार आटे बसवून टाकायचा, म्हणजे वाफेचा रस्ता बंद. किक थोडी जड लागेल, लागू दे. तपासायचा प्लग टोपीत बसवून भोकापासून जितका लांब जाईल तितका लांब न्यायचा, आणि त्याचा आट्यांचा भाग वायरच्या चिमट्याने इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट जोडायचा. मगर-चिमटे लावलेली वीतभर वायर पुरते. हात लावायचाच नाही. दोन्ही हात हँडलवर, डोळे प्लगवर.

रंग लावलेल्या भागावर चिमटा लावू नका, अर्थ (करंटची इंजिन-फ्रेमच्या धातूतून परतीची वाट) मिळत नाही आणि मग "ठिणगीच नाही" म्हणून भलतीकडे शोध सुरू होतो.

अर्थाअर्थी
अर्थ तपासा.

काजळी
प्लगचा रंग काय आहे? फोटो टाका. कोरडा काळा म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट ओला म्हणजे ऑइल वर येतंय, पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ किंवा ठिणगीचं टायमिंग पुढे. फिकट तपकिरी असेल तर पोटाचं (पेट्रोलचं) दुखणं नाही, मेंदूचं (करंटचं) आहे.

जुनं ते सोनं
आम्ही चाळीस वर्षं पक्कडीत प्लग धरून किक मारत आलोय, काही झालं नाही. त्या आधी तर टोपी काढून नुसती वायर हेडजवळ धरायचो, अर्धा इंच ठिणगी उडाली की गाडी ठणठणीत. आताच्या पोरांना सगळ्याला हातमोजे लागतात.

मृण्मयी_क
काका, पॉइंटच्या गाडीत तुमचं चालून गेलं असेल. पण वायर अशी मोकळी धरायची सवय वाईटच. कॉइलचं व्होल्टेज वाढत जातं ते ठिणगीला वाट मिळेपर्यंत. बाहेर जवळ वाट मिळाली नाही तर ती कॉइलच्या आतल्या इन्सुलेशनमधून वाट काढते, आणि एकदा तिथे वाट पडली की कॉइल कायमची अधू होते. सीडीआयवाल्या (पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक युनिट असलेल्या) गाडीत युनिटसुद्धा जाऊ शकतं. म्हणून किक मारताना टोपीत प्लग हवाच आणि तो अर्थला जोडलेला हवाच.

सीडीआयमध्ये दुसरीही एक गोष्ट आहे. त्यातला कपॅसिटर काहीशे व्होल्टला भरलेला असतो. लोक जाड वायरीला घाबरतात आणि युनिटकडून कॉइलकडे जाणाऱ्या बारीक वायरीला बिनधास्त हात लावतात. ती जास्त बेरकी असते.

आणि ज्यांना पेसमेकर बसवलाय त्यांनी चालू इग्निशनच्या आसपास हात घालूच नये. हे काम दुसऱ्याला सांगा.

जुनं ते सोनं
ताई, अर्धा इंचाचं मागे घेतो. पक्कडीचं घेत नाही.

तेलकट हात
पक्कडीच्या मुठीचं प्लास्टिक एवढ्या व्होल्टेजसाठी केलेलं नसतं हो काका. बारीक चीर असली तरी पुरते. करंटने माणूस मरत नाही बहुतेक वेळा, पण झटक्याने हात कुठे जाईल ते सांगता येत नाही. मॅग्नेटचं कव्हर उघडं ठेवून चालू गाडीवर काम करताना एकाचं बोट असंच फ्लायव्हीलवर गेलेलं मी पाहिलंय. नख गेलं, बोट राहिलं. चालू गाडीवर सैल बाह्या, गळ्यातली साखळी, अंगठी, घड्याळ काही नको. अंगठी बॅटरीच्या टोकांमध्ये आली तर ती तापून बोटात रुतते.

वाचनमात्र
एक बाळबोध शंका. बाहेर ठिणगी छान दिसते, तरी मेकॅनिक म्हणतात प्लग खराब आहे. हे कसं?

मृण्मयी_क
बाळबोध नाही, नेमकी शंका आहे. उघड्या हवेत १ मिलिमीटर अंतर ओलांडायला साधारण ३००० व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये हवा दाबलेली असते, तिथे तेवढ्याच फटीला त्याच्या कितीतरी पट लागतात. त्यामुळे मरतुकडी कॉइलसुद्धा बाहेर ठिणगी दाखवते आणि आत गेली की हात वर करते. म्हणूनच ठिणगीचा टेस्टर मिळतो, त्यात फट वाढवता येते. ६-७ मिलिमीटर फट उघड्या हवेत खणखणीत ओलांडली तर कॉइलमध्ये दम आहे असं समजायचं.

रंगही बघा. निळसर पांढरी, कडक आवाजाची असेल तर उत्तम. पिवळी-नारिंगी, बारीक, आवाज नसलेली असेल तर कुठेतरी गळती आहे. हे बघायला सावली हवी. भर उन्हात चांगली ठिणगीही दिसत नाही. पण सावली पाहिजे म्हणून बंद खोलीत शिरू नका, पेट्रोलची वाफ आणि धूर दोन्ही तिथे साचतात.

नुसतीच घाई
म्हणजे घरात वाघ आणि दाबाखाली शेळी. आमच्या साहेबांची आठवण झाली.

अडला हरी
तेलकट हात, मृण्मयीताई, मनापासून आभार. जुना प्लग भोकात बसवून, चिमटा लावून पुन्हा केलं. जाळ नाही, झटका नाही. थंड गाडीत ठिणगी निळी, कडक. टेस्टरवर ६ मिलिमीटर सहज. आता गरम झाल्यावर बघायचं आहे. पण कॉइल आजच आणून ठेवली, दोघे जण फारच ठामपणे सांगत होते.

तेलकट हात
अरेरे. थांबायचं होतं.

मृण्मयी_क
मल्टिमीटर आहे ना? मग जुनी कॉइल आधी मोजा. किल्ली बंद, कॉइलच्या वायरी सोडवलेल्या. १२ व्होल्टच्या पॉइंटवाल्या गाडीत दोन बारीक टोकांमध्ये साधारण ३ ते ५ ओहम यायला हवेत. जाड वायरीच्या बाजूला काही हजार ओहम. टोपी लावून मोजलं तर टोपीतल्या रेझिस्टरचे, बहुधा ५००० ओहम, त्यात धरा. आणि आधी मीटरच्या दोन टोकांना एकमेकांना टेकवून काय आकडा येतो ते बघून तो वजा करा, नाहीतर ३ आणि ३.५ मध्ये उगाच घोळ.

मीटर चालू गाडीच्या जाड वायरीला कधीही लावायचा नाही. मीटरही जाईल आणि मीटर धरणाराही उडेल.

काजळी
रंग?

एक किक एक प्रश्न
जरा वेगळा कोन. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक तुंबलं तरी अगदी हेच होतं. टाकीत पोकळी होते, पेट्रोल उतरत नाही, गाडी मरते; थोड्या वेळाने हवा शिरते आणि परत चालू. मी याच्यापायी दोनदा कार्बोरेटर उघडला होता. गाडी मेली की लगेच झाकण उघडा. सुसकाऱ्यासारखा आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर करंटचं नावच घेऊ नका.

जुनं ते सोनं
हे मात्र लाख बोललात. अर्ध्या गाड्यांचा "करंट" पेट्रोलमध्ये असतो.

अडला हरी
झाकण उघडून पाहिलं. फरक शून्य. बाकी आज एक गंमत लक्षात आली. संध्याकाळी जास्तच लवकर मरते. दुपारी वीस मिनिटं, संध्याकाळी दहा. हवा गार असते म्हणून का?

नुसतीच घाई
संध्याकाळ झाली की माझंही तसंच होतं.

तेलकट हात
कंडेन्सर बघा, म्हणजे पॉइंटला जोडलेला छोटा कपॅसिटर. पॉइंटवर मोठी पिवळी ठिणगी उडताना दिसते का? पॉइंटच्या तोंडावर एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टेकडी झालीय का? कंडेन्सर गरम झाला की दगा देतो, थंड झाला की साळसूद. त्याच्या आकाराचा अंदाज ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड. तपासत बसण्यापेक्षा तात्पुरता दुसरा बाहेरून जोडून बघणं सोपं: एक टोक पॉइंटच्या वायरीला, धातूचं अंग अर्थला.

पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, पूर्ण उघडलेले असताना. फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) तेलकट असेल तर पुसून घ्या, नाहीतर तेच तेल पॉइंटवर लागून नवा आजार. आणि फट बदलली की टायमिंग बदलतं हे विसरू नका.

कोरा कागद
प्लग वाळूच्या मशिनवर साफ करून घेतला तर चालतो का?

काजळी
चालतो, पण चिनीमातीच्या आतल्या खोबणीत वाळूचा कण राहिला तर तो सिलिंडरमध्ये उतरतो. पॉलिश पेपर चिनीमातीवर घासू नका, ओरखड्यांत काजळी धरते आणि करंट तिथूनच पळतो. पेट्रोलमध्ये भिजवून मऊ ब्रशने, मग वाळवून. इरिडियमच्या प्लगला तर ब्रशही नको आणि फट वाकवायचा मोहही नको, टोक फार नाजूक असतं. प्लग नेहमी थंड इंजिनातून काढा आणि हाताने आटे लावून मगच पाना घ्या. ॲल्युमिनियमच्या हेडचे आटे एकदा गेले की प्लगपेक्षा फार मोठं काम निघतं.

प्लग बदलताना नंबरही बघा. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड (म्हणजे उष्णता लवकर सोडणारा), बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. एका खोक्यावरचा आकडा बघून दुसऱ्या कंपनीचा तोच आकडा मागितला की झालं उलटं.

आणि हरीभाऊ, रंग?

सहा व्होल्टवाला
आमच्या ६ व्होल्टच्या गाडीला कुणी विचारतच नाही. बॅटरीची टोकं सोडवताना आधी अर्थची बाजू सोडवायची आणि शेवटी लावायची, कारण पाना फ्रेमला लागला तरी शॉर्ट होत नाही. पण "अर्थ म्हणजे निगेटिव्ह" असं धरून चालू नका. जुन्या बऱ्याच ब्रिटिश मोटारसायकलींना पॉझिटिव्ह अर्थ असतो. एका ओळखीच्याने बॅटरी नेहमीसारखी लावली आणि रेक्टिफायरची (एसीचा डीसी करून बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाची) धूपारती केली. त्या काळचा सेलेनियमचा पत्र्यापत्र्यांचा रेक्टिफायर असेल तर तो जळताना भयंकर घाण वास येतो आणि तो धूर विषारी असतो. वास आला की किल्ली बंद करून लांब व्हायचं, वाकून बघत बसायचं नाही.

जुनं ते सोनं
फ्यूज गेल्यावर सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद कुणी कुणी लावलाय, हात वर करा. मी पहिला.

एक किक एक प्रश्न
मी दुसरा. हेडलाइटच्या डब्यातून धूर आला तेव्हा कळलं की त्या दिवसापासून अख्खं वायरिंगच फ्यूज झालं होतं.

तेलकट हात
फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर त्याच्या जागी १२ व्होल्ट २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब जोडा. जास्तीत जास्त पावणेदोन अँपिअर जाईल, वायर जळणार नाही. हेडलाइट-बिडलाइट सगळं बंद असताना बल्ब पूर्ण पेटला तर शॉर्ट आहे. मग वायरी एकेक करून हलवत जा, ज्या जागी बल्ब मंदावतो तिथे चोर. जुन्या वायरींचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं, हँडल वळतं तिथे आणि टाकीखाली आधी बघा.

वाचनमात्र
धाग्याला फाटे फुटले, पण वाचनखूण साठवली.

मृण्मयी_क
फाटे बाजूला ठेवून मूळ प्रश्नावर येते. हरीभाऊ, संध्याकाळी लवकर मरते म्हणालात. संध्याकाळी हेडलाइट लावता ना?

अडला हरी
अर्थातच लावतो.

मृण्मयी_क
मग हवेचा काही संबंध नाही. तुमच्या गाडीत इग्निशनचा आणि दिव्यांचा करंट एकाच किल्लीच्या स्विचमधून जात असणार. दिवा लावला की त्या स्विचवर ओझं वाढतं. आतले संपर्क झिजलेले, काळे पडलेले असतील तर तिथेच व्होल्ट खाल्ले जातात, तिथेच उष्णता होते, आणि तापल्यावर संपर्क आणखी बिघडतो. थंड झाला की पुन्हा साधूसारखा.

हे ओहममध्ये मोजून सापडत नाही, कारण मीटर इवलासा करंट सोडतो. ओझ्याखाली व्होल्ट मोजायचे. गाडी मेली की लगेच, इंजिन हलवून पॉइंट बंद स्थितीत, म्हणजे एकमेकांना टेकलेले, आणा (नाहीतर करंटच वाहणार नाही), किल्ली चालू करा आणि दोन आकडे घ्या: बॅटरीच्या दोन टोकांवर किती आणि कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकावर किती. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिनला लावून अर्थही बघा, तिथे ०.२ व्होल्टच्या आत हवं. आकडे टिपून झाले की किल्ली लगेच बंद. पॉइंट बंद असताना किल्ली चालू राहिली तर कॉइल तापते आणि बॅटरी उतरते.

अर्थाअर्थी
पहिल्यांदाच कुणीतरी अर्थ म्हणालं. आभारी आहे.

तेलकट हात
ताई, दंडवत. मी कंडेन्सरवरच अडकलो होतो. हरीभाऊ, यावर आणखी एक पक्की चाचणी. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कॉइलच्या पॉझिटिव्हपर्यंत थेट वायर घ्या, मध्ये फ्यूज टाकून. तिकडून येणारी मूळ वायर कॉइलवरून सोडवून टेप लावून ठेवा. तशी गाडी अर्धा तास न मरता चालली तर दोष स्विचकडे. लक्षात ठेवा, मग किल्लीने गाडी बंद होणार नाही, ती वायरच ओढावी लागेल. म्हणून ती हाताशी येईल अशी ठेवा. आणि चालू गाडीची बॅटरी मात्र सोडवू नका, व्होल्टेज उसळून बल्ब उडतात.

नुसतीच घाई
ही चाचणी रात्री दुसऱ्याच्या गाडीवर केली तर तिला वेगळं नाव आहे.

अडला हरी
तीन दिवसांनी येतोय, पण आकडे घेऊन.

थंड गाडी: बॅटरी १२.५, कॉइलवर १२.१. इथवर ठीक वाटलं.
दिवा लावून दहा मिनिटं चालवली, मेली, दिवा बंद करून लगेच मोजलं: बॅटरी १२.३, कॉइलवर ९.७. तीनदा मोजलं. अर्थकडे ०.१. ठिणगी तेव्हा पिवळी, टेस्टरवर ६ मिलिमीटर ओलांडेना. किल्ली काढायला गेलो तर बोटाला गरम लागली. इतके दिवस ती किल्ली मी काढत होतो आणि ती गरम का आहे असा प्रश्नच पडला नव्हता.

जुन्या कॉइलचं माप ४ ओहम. म्हणजे ती बिचारी निर्दोष.

थेट वायर टाकून पाऊण तास चालवली, एकदाही अडखळली नाही. बंद करायला वायर ओढावी लागते हे विसरलो आणि दोन मिनिटं किल्ली फिरवत बसलो होतो.

मग स्विच उघडला. पितळी पट्टी एका कडेला निळी-काळी पडलेली, खालच्या प्लास्टिकला तिचा ठसा. स्प्रिंग लेचीपेची. घासून काम भागण्यातलं नव्हतं, स्विच नवीन टाकला. आता गरम गाडीत फरक ०.३ व्होल्ट. काल संध्याकाळी दिवा लावून तासभर फिरलो.

जुनं ते सोनं
वा! आणि चिमटा वापरलात का पक्कड?

अडला हरी
चिमटा, काका. नवी कॉइल मात्र डब्यातच आहे. ज्या दोघांनी सांगितलं होतं त्यातला एक आज भेटला, म्हणाला "बघ, मी म्हणत होतो ना करंटचाच प्रॉब्लेम आहे."

नुसतीच घाई
कॉइल जपून ठेवा. भुवई दुसऱ्यांदा वाचेलच असं नाही.

काजळी
सगळं झालं, पण प्लगचा रंग शेवटपर्यंत सांगितला नाहीत.

अडला हरी
माफ करा. फिकट तपकिरी, एका बाजूला जरासा काळसर.

काजळी
कुठल्या बाजूला?